मेटाट्रॉनला फटके का पडले?

वाळूघड्याळ

मागे इथल्या एका धाग्यावर 'मेटाट्रॉन क्यूब'च्या लॉकेटची चौकशी चालली होती. तिथे अवांतर वाढवण्यापेक्षा वेगळा धागा बरा, म्हणून हा प्रपंच. लॉकेटचं पुढे बघू. ज्यू परंपरेतल्या या सर्वांत मोठ्या देवदूताला भर स्वर्गात आगीचे साठ फटके खावे लागले होते, आणि ते का, हा मला त्याच्याबद्दलचा सर्वांत रंजक प्रश्न वाटतो.

गोष्ट बाबिलोनी ताल्मूदमधल्या, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मपंडितांच्या) चर्चांच्या महाग्रंथातल्या, 'हगीगा' या ग्रंथात आहे. चार पंडित 'पर्देस'मध्ये, म्हणजे बागेत शिरले. ही बाग म्हणजे देवाच्या सिंहासनाजवळची गूढ जागा, असं पुढच्या परंपरेने मानलं. बेन अझ्झाईने पाहिलं आणि तो मेला. बेन झोमाने पाहिलं आणि त्याच्या डोक्यावर परिणाम झाला. रब्बी अकीवा सुखरूप परत आला. चौथा एलीशा बेन अबूया. त्याने 'रोपं छाटली', एवढंच मूळ वाक्य सांगतं. त्यानंतर त्याचं नावच टाकलं गेलं. ताल्मूद त्याला 'अहेर' म्हणतो, म्हणजे 'तो दुसरा'.

अहेरने वर असं काय पाहिलं? मेटाट्रॉन बसलेला होता. बस्स, एवढंच. इस्रायलची पुण्यकर्मं लिहून ठेवायचं काम त्याच्याकडे होतं आणि त्यासाठी त्याला बसायची परवानगी मिळालेली होती. पण अहेर पढलेला माणूस. वर कोणी बसत नाही, तिथे चढाओढ नाही, पाठ फिरवणं नाही, थकणं नाही, हे तो परंपरेने शिकला होता. मग हा कोण बसलाय? त्याच्या तोंडून निघून गेलं, 'न जाणो, दोन सत्ता तर नाहीत ना?'

पुढचं वाचून मी चक्रावलेच. आधी धरलं ते मेटाट्रॉनला. त्याला बाहेर आणून साठ फटके मारले आणि विचारलं, 'त्याला पाहिल्यावर तू उठून उभा का राहिला नाहीस?' मग त्याला अहेरची पुण्यं खोडून टाकायची मुभा दिली. आणि आकाशवाणी झाली: 'भरकटलेल्या लेकरांनो, परत या. अहेर सोडून.'

बसायची परवानगी देणारे तेच आणि बसला म्हणून मारणारेही तेच. भाष्यकारांनी यावर बरीच डोकेफोड केली आहे. मला पटतं ते उत्तर असं की हे फटके दाखवण्यासाठी आहेत. ज्याला मार बसू शकतो तो देव नव्हे, हे ऐकणाऱ्याच्या मनावर ठसवायचं होतं. आणि ते ठसवायची वेळ आली, कारण मेटाट्रॉन भलताच मोठा झाला होता.

किती मोठा, ते पाहायला थोडं मागे जावं लागेल. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात आदामापासून सातवा पुरुष हनोख. मथुशलहाचा बाप. त्याच्या आजूबाजूचे सगळे नऊ-नऊशे वर्षं जगून 'मेला' या शब्दाने संपतात. हनोख ३६५ वर्षं जगतो आणि मरतच नाही. तो देवाबरोबर चालला आणि देवाने त्याला नेलं, असं म्हणून ग्रंथ पुढे सरकतो. नेलं म्हणजे कुठे? तिथे काय केलं? या एका ओळीच्या फटीतून अख्खं साहित्य उगवलं. इथिओपियात जपलेलं हनोखचं पुस्तक, स्लाव्ह भाषेत उरलेलं दुसरं, आणि हिब्रूतलं तिसरं. या तिसऱ्याचं जुनं नाव 'सेफेर हेखालोत', म्हणजे महालांचं पुस्तक. स्वीडिश अभ्यासक ह्यूगो ओडेबर्ग यांनी ते १९२८ मध्ये भाषांतरासह छापलं आणि त्याला तिसरा क्रमांक दिला.

त्यात रब्बी इश्माएल एकेक महाल ओलांडत वर जातो. तिथे त्याला मेटाट्रॉन भेटतो आणि म्हणतो, मी हनोख, येरेदचा मुलगा. जलप्रलयाआधीची पिढी बिघडली तेव्हा तिच्याविरुद्ध साक्षीदार म्हणून मला वर उचललं. आणि मग तो स्वतःचं रूपांतर सांगतो. मांसाच्या ज्वाळा झाल्या, शिरांची धगधगती आग झाली, हाडांचे निखारे झाले, पापण्यांची वीज, बुबुळांच्या मशाली. अंग वाढत वाढत जगाएवढं लांबरुंद झालं. एका बाजूला ३६ आणि दुसऱ्या बाजूला ३६ असे ७२ पंख फुटले, आणि एकेक पंख जग झाकेल एवढा. डोक्यावर मुकुट, आणि त्या मुकुटावर देवाने स्वतःच्या बोटाने कोरलेली अक्षरं, ज्यांच्यापासून आकाश आणि पृथ्वी घडली.

पण मला आवडतो तो याआधीचा प्रसंग. हनोखला वर नेत असताना देवदूतांना लांबूनच वास येतो. बाईच्या पोटी जन्मलेल्याचा हा वास इथे कसा? उझ्झा, अझ्झा आणि अझाएल असे तिघे देवापुढे तक्रार घेऊन उभे राहतात, की माणूस निर्माण करू नका असं आधीच्यांनी सांगितलं होतं ना? देव त्यांना गप्प करतो. मग ते नमतात, पण त्याला 'नआर' म्हणजे 'पोरगा' म्हणत राहतात, कारण सगळ्यांत उशिरा भरती झालेला तो. जगाएवढा झाला, ७० नावं मिळाली, तरी दरबारात पोरगाच. याच पुस्तकात त्याला 'धाकटा यहोवा' असंही म्हटलंय, आणि आधार दिलाय बायबलमधल्या निर्गमच्या पुस्तकातल्या वाक्याचा. देव तिथे इस्रायलला वाट दाखवणाऱ्या दूताबद्दल सांगतो, की माझं नाव त्याच्या ठायी आहे.

एकच देव मानणाऱ्या धर्मात 'धाकटा' देव! रब्बींना घाम फुटला नसता तर नवल. ताल्मूदच्याच 'सन्हेद्रिन' ग्रंथात एक पाखंडी रब्बी इदीतला याच नावावरून कोंडीत पकडतो. देव मोशेला 'परमेश्वराकडे वर ये' असं म्हणतो. 'माझ्याकडे ये' असं का म्हणत नाही? इदीत म्हणतो, तो मेटाट्रॉन, त्याचं नाव त्याच्या धन्यासारखंच आहे. पाखंडी लगेच म्हणतो, मग त्याची पूजा करा की! त्यावर इदीतचं उत्तर: आम्ही त्याला निरोप्या म्हणूनसुद्धा पत्करला नाही. मोशेने सरळ सांगून टाकलं होतं, तू स्वतः बरोबर येणार नसशील तर आम्हाला इथून हलवूच नकोस.

१०व्या शतकात इराकमधला कराई पंथाचा, म्हणजे ताल्मूद न मानणाऱ्या ज्यूंचा, लेखक अल्-किरकिसानी रब्बीपंथी ज्यूंवर तुटून पडला, तो 'धाकटा यहोवा' याच शब्दांवरून. म्हणजे हे प्रकरण तेव्हाही थंड झालेलं नव्हतं.

झुळूक

मस्त धागा. वाचनखूण साठवली. म्हणजे हा चित्रगुप्तच की! वही घेऊन बसलेला.

आणि त्या फटक्यांना घरचाच अहेर म्हणायचा :)

वाळूघड्याळ

@झुळूक, :D

चित्रगुप्त आठवणं साहजिक आहे, पण फरक मोठा आहे. चित्रगुप्ताच्या वहीत पाप-पुण्य दोन्ही असतं. हगीगातला मेटाट्रॉन फक्त पुण्य लिहितो, तेही एका समाजाचं. आणि चित्रगुप्त काही पृथ्वीवरून बदली होऊन गेलेला नाही. मेटाट्रॉन माणूस होता, हा या सगळ्याचा कणा आहे. एका अरामी भाषांतरात तर उत्पत्तीच्या त्या ओळीतच घालून टाकलंय, की हनोख वर गेला आणि त्याचं नाव 'मेटाट्रॉन, मोठा लेखनिक' असं पडलं.

सगळ्यांना हे मान्य होतं असं मात्र नाही. 'बेरेशीत रब्बा' या जुन्या भाष्यात रब्बी ऐबू म्हणतो, हनोख कधी सज्जन तर कधी दुर्जन असायचा, म्हणून देवाने तो सज्जन असतानाच त्याला उचललं. पंख नाहीत, मुकुट नाही. सरळ मेला.

निरुपद्रवी

हिब्रू आकडेमोडीत मेटाट्रॉन म्हणजे ३१४ असं कुठेतरी वाचलं होतं. ३.१४ म्हणजे गणितातला पाय (π)! प्राचीन लोकांना सगळं माहीत होतं हो, आपणच करंटे.

वाळूघड्याळ

३१४ बरोबर आहे, पायचा संबंध नाही. दशांश चिन्हाची ही पद्धत तेव्हा होती कुठे?

हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत असते. मेम ४०, तेत ९, पुन्हा तेत ९, रेश २००, वाव ६, नून ५०. बेरीज ३१४. आणि 'शद्दाई' हे देवाचं नाव घेतलं तर शीन ३००, दालेत ४, योद १०. तीही ३१४. 'त्याचं नाव त्याच्या धन्यासारखंच' या वाक्याचा हा खुलासा ११व्या शतकात राशी नावाच्या ज्यू भाष्यकाराने निर्गमवरच्या भाष्यात दिलाय. नाव सारखं नाही, किंमत सारखी. इदीतला जी कोंडी फोडायला एवढा वाद घालावा लागला ती राशीने बेरजेने फोडली. मला तरी ही पळवाट आवडते.

अलिबागचा पांढरा कांदा

धागा आवडला, आणि यात आमच्या गावचा संबंध निघतोय म्हणून लिहितोय.

आमच्याकडे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. शनिवारी काम बंद ठेवणारे तेली म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणतात. त्यांचा सर्वांत लाडका माणूस म्हणजे एलियाहू हन्नाबी, बायबलमधला एलीया. तोही मेला नाही, अग्नीच्या रथातून वर गेला. अलिबागजवळ खंडाळे गावी एका खडकावर रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा दाखवतात. एलीया इथे उतरला आणि इथूनच वर गेला असं त्यांच्यात मानतात. 'तू बिश्वात' या झाडांच्या ज्यू सणाच्या सुमाराला लोक तिथे येतात. आता बरेचसे इस्रायलला गेलेत, पण इकडे आले की खंडाळ्याला जातातच.

मलिदा तर मी लहानपणापासून खाल्लाय. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची आणि वर फळं. नवस फेडायला, लग्नाआधी, नवीन घर घेतलं की मलिदा ठरलेला. शेजारी म्हणून आमच्याकडे ताट यायचं.

तर प्रश्न असा, की हनोखचा मेटाट्रॉन झाला तसा एलीयाचाही कोणी देवदूत झाला का?

वाळूघड्याळ

@अलिबागचा पांढरा कांदा, झाला! सान्दाल्फोन. तुमचा प्रतिसाद आला हे फार बरं झालं.

हगीगामध्येच मेटाट्रॉनच्या गोष्टीच्या थोडं आधी सान्दाल्फोन येतो. पृथ्वीवर उभा, डोकं थेट वरच्या दिव्य प्राण्यांपर्यंत पोचलेलं, सोबत्यांपेक्षा ५०० वर्षांच्या वाटेइतका उंच. देवाच्या रथामागे उभा राहून तो आपल्या निर्मात्यासाठी मुकुट गुंफतो. हे मुकुट प्रार्थनांचे, असं नंतरच्यांनी सांगितलं. ताल्मूदमध्ये तो एलीया नाही. ते समीकरण मध्ययुगातल्या कब्बालाने, म्हणजे ज्यू गूढविद्येने, मांडलं, की न मरता वर गेलेले दोघे, दोघेही माणसाचे देवदूत झालेले, हनोखचा मेटाट्रॉन आणि एलीयाचा सान्दाल्फोन. वरच्या टोकाला एक, खाली जमिनीपाशी दुसरा.

बेने इस्रायलांची एलीयाभक्ती या कब्बालातून आली असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांचा एलीया नवसाला पावणारा, रस्त्यात भेटणारा आहे. मुकुट गुंफणाऱ्याशी त्याचं फारसं देणंघेणं दिसत नाही.

चौकसखोर

वाळूघड्याळ, साठ फटके एलीयालाही बसलेत! ताल्मूदच्याच 'बावा मेत्सिया' ग्रंथात. ही गोष्ट इथे यायलाच हवी.

एलीया रब्बी यहूदा हनासीच्या पाठशाळेत यायचा. एकदा प्रतिपदेला त्याला उशीर झाला. का, तर म्हणे अब्राहामाला उठवायचं, हात धुवायचे, प्रार्थना झाली की पुन्हा झोपवायचं. मग इसहाक, मग याकोब. रब्बींनी विचारलं, तिघांना एकदमच का नाही उठवत? एलीया म्हणाला, तिघांनी मिळून प्रार्थना केली तर जोर एवढा होईल की मसीहा वेळेआधीच यायचा. रब्बींनी पुढे विचारलं, असा जोर असलेलं आज कोणी आहे? आणि एलीया बोलून गेला: आहेत ना, रब्बी हिय्या आणि त्याचे मुलगे.

झालं. रब्बींनी उपास जाहीर केला आणि हिय्या बापलेकांना प्रार्थना म्हणायला उभं केलं. 'वारा वाहवणारा' म्हणताच वारा सुटला. 'पाऊस पाडणारा' म्हणताच पाऊस आला. आता पुढचे शब्द 'मेलेल्यांना उठवणारा', आणि जग थरथरायला लागलं! वर चौकशी झाली, हे गुपित फोडलं कोणी? एलीयाने. आणला त्याला, मारले साठ अग्निफटके. मग तोच आगीच्या अस्वलाचं रूप घेऊन आला आणि त्याने प्रार्थना उधळून लावली.

त्यामुळे 'हा देव नाही हे दाखवायला मार' हा तुमचा तर्क मला अर्धाच पटतो. एलीयाला कोणी देव समजत नव्हतं. मला वाटतं, साठ फटके ही तिथली ठरलेली खात्यांतर्गत शिक्षा आहे. देवदूत गब्रिएललाही 'योमा' ग्रंथात तेवढेच बसलेत, हुकूम नीट न पाळल्याबद्दल.

वाळूघड्याळ

@चौकसखोर, वा! खात्यांतर्गत शिक्षा मान्य. पण तिथे गुन्हा तरी आहे. एलीयाने गुपित फोडलं, गब्रिएलने हुकूम बदलला. मेटाट्रॉन तर परवानगीने बसला होता. 'महालांच्या पुस्तकात' हाच प्रसंग तो स्वतः सांगतो. तिथे तो सातव्या महालाच्या दाराशी मोठ्या सिंहासनावर बसून न्यायनिवाडा करतोय, आजूबाजूला सरदार हात जोडून उभे. अहेर ते बघून भीतीने अर्धमेला होतो. मग अनाफिएल नावाचा दूत येऊन याला साठ फटके मारून उभा करतो. ताल्मूदात लिहायला टेकलेला कारकून, इथे जवळपास राजा. एवढा फरक पडतोय म्हणजे अडचण त्याच्या मोठेपणाचीच होती, असं मी अजून म्हणेन.

खडीसाखर

मी पाश्चात्त्य गूढविद्येच्या बाजूने भर घालते. लंडनमध्ये १८८८ साली 'गोल्डन डॉन' मंडळ निघालं. त्यांनी कब्बालाच्या झाडावरच्या दहा सफिरांना, म्हणजे देवाच्या दहा आविष्कारांना, दहा महादूत वाटून दिले. सगळ्यात वर केतेरला मेटाट्रॉन, सगळ्यात खाली मालखुतला सान्दाल्फोन. मधे रझिएल, त्साफ्किएल, त्सादकिएल, खामाएल, राफाएल, हानिएल, मिखाएल, गब्रिएल. अशा वाटण्या १६व्या शतकातल्या जर्मन पंडित अग्रिप्पाच्या तक्त्यांतही आहेत. आज टॅरो किंवा 'एंजल हीलिंग'च्या वर्गात जे शिकवतात ते बहुतेक याच ओळीने आलंय, ताल्मूदमधून नाही.

गंमत म्हणजे घेताना दिशाही बदलल्या. ज्यू घरांत झोपण्यापूर्वीची प्रार्थना आहे: उजवीकडे मिखाएल, डावीकडे गब्रिएल, समोर उरिएल, मागे राफाएल, आणि डोक्यावर देवाची शखीना, म्हणजे त्याचं सान्निध्य. गोल्डन डॉनच्या विधीत साधक पूर्वेला तोंड करून म्हणतो: समोर राफाएल, मागे गब्रिएल, उजवीकडे मिखाएल, डावीकडे उरिएल. चार दूतांना चार तत्त्वांशी जुळवायचं म्हणून तिघांच्या जागा हलल्या, मिखाएल तेवढा जागच्या जागी. एक अंगाई, दुसरा संरक्षक कोट.

पोपटी

एवढं सगळं वाचलं, पण लॉकेटचं काय? माझ्या बहिणीने घेतलंय, तिला काय सांगू?

खडीसाखर

@पोपटी, १३ वर्तुळं आणि त्यांचे मध्य जोडणाऱ्या रेषा असलेलं ते चित्र 'मेटाट्रॉन क्यूब' या नावाने जुन्या ज्यू ग्रंथांत नाही. २०व्या शतकाच्या उत्तरार्धातल्या न्यू एज मंडळींनी त्याला हे नाव चिकटवलं. आकृती म्हणून सुंदर आहे. चांदीचं असेल तर मोड येईल, आणखी काय.

वाळूघड्याळ

+१. आणि खरोखर जुनी मेटाट्रॉनची ताईतं हवीत तर ती आहेत, फक्त गळ्यात घालता येत नाहीत. इराकात निप्पूरला उत्खननात मातीचे वाडगे निघाले, साधारण ५व्या ते ७व्या शतकांतले. आतल्या बाजूने अरामी मंत्र गोल गोल फिरत लिहिलेला असतो. भुताखेतांना अडकवायला ते घरात, उंबऱ्यापाशी उपडे पुरून ठेवत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने काढलेले वाडगे जेम्स माँटगोमेरी यांनी १९१३ मध्ये छापले. असल्या वाडग्यांवर मेटाट्रॉनचं नाव येतं. पंडित 'निरोप्या म्हणूनसुद्धा नको' असं म्हणत होते त्याच मुलखात, जवळपास त्याच काळात, घराघरांत त्याच्या नावाने उंबरे बांधले जात होते. मला हे वाडगे त्या वादाइतकेच महत्त्वाचे वाटतात.

निरुपद्रवी

'पुल्सा देनुरा' म्हणून एक शाप बातम्यांत आला होता, तो याच फटक्यांचा का?

चौकसखोर

शब्द तोच. अग्निफटक्यांना ताल्मूदात अरामीत 'पुल्से देनुरा' म्हणतात. ऑक्टोबर १९९५ मध्ये काही कडव्या लोकांनी इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक रबिन यांच्या घराबाहेर या नावाचा शापविधी केला आणि ४ नोव्हेंबरला रबिन यांची हत्या झाली, म्हणून ते नाव जगभर गेलं. २००५ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान शारोन यांच्यावरही तोच प्रयोग झाला. पण माणसाला मारण्याचा असा विधी ताल्मूदात नाही. हा अलीकडच्या काळातला बनाव. तिथे मार खाणारे सगळे देवदूत आणि एलीया. दूतांच्या छडीला माणसांनी हत्यार बनवलं, हे मला अत्यंत किळसवाणं वाटतं.

झुळूक

त्या बिचाऱ्या अहेरचं पुढे काय झालं? त्याला परतीचा रस्ताच बंद म्हणजे फारच झालं.

वाळूघड्याळ

@झुळूक, त्याने ठरवलं, परलोक गेलाच आहे तर इहलोक तरी उपभोगू. पण त्याचा शिष्य रब्बी मेईर त्याला सोडेना. एका शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या शनिवारी, अहेर घोड्यावरून चाललाय, जे त्या दिवशी निषिद्ध, आणि मेईर मागून पायी, शिकत शिकत. मधेच अहेर म्हणतो, 'मेईर, मागे फिर. घोड्याची पावलं मोजत आलोय, शब्बाथला चालायची हद्द इथे संपते.' स्वतः सगळं मोडणारा माणूस शिष्याची हद्द मोजत होता. मेईर म्हणाला, तुम्हीपण मागे फिरा. त्यावर अहेर म्हणाला, मला पडद्याआडून ऐकू आलंय, सगळे परत या, अहेर सोडून.

तो मेल्यावर वर पेच पडला. शिकलेला म्हणून शिक्षा करता येईना, पापी म्हणून परलोकात घेता येईना. मेईर म्हणाला, शिक्षा होऊन एकदाचा सुटू दे. मी मेलो की त्याच्या कबरीतून धूर काढीन. मेईर गेला आणि धूर निघाला. पुढे रब्बी योहानान चिडला. गुरूला जाळलं, हा काय पराक्रम? आपल्यातला एकच जण वाट चुकला आणि आपल्याला त्याला सोडवता येऊ नये? मी हाताला धरून आणला तर माझ्याकडून हिसकावणार कोण? तो गेला त्या दिवशी धूर थांबला.

झुळूक

म्हणजे मेटाट्रॉनने पुण्य खोडलं ते फुकटच गेलं की!

वाळूघड्याळ

फुकटच. योहानानच्या अंत्यसंस्कारात शोक करणारा म्हणाला, 'गुरुवर्य, नरकाचा द्वारपालसुद्धा तुमच्यापुढे टिकला नाही.' द्वारपाल टिकला नाही तिथे कारकुनाला कोण विचारतो?